एका वेलांटीचा खुलासा

संगमनेरच्या एका कॉलेजात मनुष्यबळ व्यवस्थापनाची तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक रणपिसे साहेब कुठल्याशा कारखान्याचे मोठे अधिकारी. इतके मोठे, की आधी त्यांची मिशी वर्गात आली आणि दोन मिनिटांनी ते स्वतः. दहाला सुरू झालेली परीक्षा तीन वाजले तरी चालूच होती आणि जेवायला कुणालाच सोडलं नव्हतं. "माझ्या हाताखाली माणसं भूक विसरतात!" असं साहेब वर अभिमानानं सांगत होते.

हर्षालीचा नंबर आला. साहेबांनी तिची वही उघडली आणि ते गरजले, "मनुष्यबळी व्यवस्थापन? अगं, विषयाचं नावसुद्धा लिहिता येत नाही? या वेलांटीचा खुलासा कर, नाहीतर नापास!"

नापास म्हणजे वर्ष वाया. हर्षालीनं आवंढा गिळला. सकाळपासून तिच्या पोटात तेवढंच गेलं होतं.

"सर, माणसांना वेळेवर जेवायला सोडलं, की ते मनुष्यबळ. नाही सोडलं, की तीन वाजेपर्यंत ती वेलांटी आपोआप लागते."

साहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधी त्यांचं पोटच गुरगुरलं.

"पास!" साहेब मिशीतल्या मिशीत पुटपुटले. "आता सांग, डब्यात काय आणलंयस?"