नागोशेटचं भगदाड

घर घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी म्हाळसाबाईच्या चुलीमागची भिंत ढासळली आणि तिथून हत्तीची सोंड आत आली. म्हाळसाबाई लाह्या-फुटाणे भाजून विकायची. नुकत्याच फोडलेल्या लाह्यांची टोपली शिगोशीग भरली होती. सोंडेनं ती रिकामी केली, बाईचा पदर ओढून पाहिला, आणि आणखी काही मिळत नाही म्हटल्यावर ती निमूट परत गेली.

पलीकडे राजाचा हत्तीखाना होता. माहुतानं सांगितलं, हा गुलछबू, महाराजांचा लाडका. घराचा आधीचा मालक नागोशेट, त्याची न्याहारी तो याच भगदाडातून रोज पळवायचा. घर विकण्याआधी नागोशेटनं भगदाडात कुडाची तट्टी बसवली, वर माती लिंपली, चुना मारला आणि भिंत कशी नवीकोरी आहे म्हणून म्हाळसाबाईला कौतुकानं दाखवली.

दुसऱ्या दिवशी फुटाणे गेले. तिसऱ्या दिवशी गुळाची ढेप. म्हाळसाबाई तडक दरबारात गेली.

नागोशेटनं काहीच नाकारलं नाही. "बाईंनी विचारलं असतं तर सांगितलं असतं," तो म्हणाला. "भिंतीमागे हत्ती आहे का, असं त्यांनी विचारलंच नाही." वर त्यानं राजाचाच जुना हुकूम वाचून दाखवला: घर विकलं की त्यात जे निघेल ते घेणाऱ्याचं, मग साप निघो की सोनं.

राजा चंडप्रताप भलता हट्टी. दिलेला हुकूम त्यानं कधी बदलला नव्हता. एकदा चुकून भर वैशाखात शेकोट्या पेटवायचा हुकूम सुटला, तेव्हाही सारं गाव घाम पुसत शेकत बसलं होतं. त्यानं म्हाळसाबाईला बजावलं, की हुकूम न मोडता नागोशेटकडून भिंत बांधून घेऊन दाखव. उद्यापर्यंत जमलं नाही, तर दरबाराचा वेळ खाल्ल्याबद्दल गुलछबूला तो जिवंत असेतो फुकट लाह्या घालायच्या.

हत्ती किती वर्षं जगतो, हे तिनं जाता जाता माहुताला विचारलं. सत्तर, तो म्हणाला. गुलछबूला नुकतंच तेरावं लागलं होतं. बाई उरलेली वर्षं बोटांवर मोजत घरी गेली.

पण दुसऱ्या दिवशी ती आली ती पदर खोचून.

"महाराज, हुकूम मला मान्य आहे. माझ्या घरात सोंड निघाली, तेव्हा सोंड माझी. तेवढी माझ्या नावावर लिहून द्या."

"हत्ती माझा आहे," राजा म्हणाला.

"हत्ती तुमचाच. पाठ, पाय, शेपूट भिंतीपलीकडे आहेत, त्यांना मी हात लावणार नाही. फक्त माझ्या सोंडेनं पाणी पिताना गुलछबूनं आधी मला विचारायचं. दसऱ्याला तुम्हाला सलाम करतानाही."

प्रधानानं हुकूम दोनदा वाचला आणि हळूच सांगितलं, की सोंड बाईंचीच निघते. राजाचा चेहरा उतरला. हुकूमही राहील आणि सोंडही राहील अशी काही वाट आहे का, असं त्यानं अखेर तिलाच विचारलं.

"आहे ना. शेटजींनी मला भिंत दाखवली, ती त्यांनी विकली. भगदाड झाकून ठेवलं. जे दाखवलंच नाही ते विकलं कसं? भगदाड अजून त्यांचंच आहे. सोंड निघते ती त्यांच्या भगदाडात, माझ्या घरात नव्हे. आणि शेटजी काही घेणारे नव्हेत, तेव्हा सोंड महाराजांचीच. शेटजींनी आपलं भगदाड तेवढं माझ्या घरातून घेऊन जावं."

राजा इतका हसला, की त्याची पगडी नाकावर आली. भगदाड उचलून न्यायचं कसं, असं नागोशेट रडवेल्या सुरात विचारू लागला. दगड-चुन्यानं भरलं की आपोआप जातं, असं राजानं त्याला डोळे पुसत समजावलं, आणि ते स्वतःच्या खर्चानं भरायला लावलं.

म्हाळसाबाईला जरीचं लुगडं मिळालं, शिवाय हत्तीखान्याला रोज पोतंभर लाह्या पुरवायचं काम, चांगल्या भावानं. त्या मात्र पुढच्या दारानं द्यायच्या ठरल्या.