तांडेलाची नजर

समुद्राकाठच्या एका गावात धाकू नावाचा एक तांडेल होता. चाळीस वर्षं त्याने होडी हाकली. गुडघे दुखू लागले, तेव्हा ग्रामपंचायतीने त्याला हलकं काम दिलं. पंचायतीच्या कचेरीत खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती. तिच्यातले अकरा रंगीत मासे सांभाळायचे. ज्या हातांनी जन्मभर मासे मारले, त्याच हातांनी तो आता त्यांना घास देऊ लागला. त्यातली एक मासोळी हळदीसारखी पिवळी होती. तिला सगळे नवरी म्हणत. धाकू दिसला की ती काचेला तोंड लावून उभी राही.

एके दिवशी नवरी दगडावर अंग घासू लागली. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगावर रव्यासारखे पांढरे कण उठले, मग बाकीच्यांच्याही. धाकू एसटीने तालुक्याला गेला आणि माशांच्या डॉक्टर शालनताईंना घेऊन आला.

"तात्या, हे कण म्हणजे बारीक किडे," शालनताई म्हणाल्या. "सगळे मासे दुसऱ्या टाकीत हलवा. तिथे रोज औषध मोजून घाला. ही मोठी टाकी मात्र अडीच महिने रिकामी ठेवा. चार दिवसांत डाग जातील, पण फसू नका. किडा अंगावरून गळतो आणि तळाशी लपतो. त्याची पिल्लं पुन्हा मासा शोधत येतात. मासाच मिळाला नाही, की उपाशी मरतात."

धाकूने सगळे मासे एका लहान टाकीत हलवले. पाचव्या दिवशी त्याने नवरीकडे निरखून पाहिलं. अंग लखलखीत, डोळा स्वच्छ, कल्ले लालभडक. बाजारात असा मासा कुणीही डोळे मिटून घेतला असता. मासे बघायला गर्दी होई ती जत्रा आठवड्यावर आली होती. सरपंच येता-जाता टोमणा मारत, "काय तांडेल, यंदा लोकांना नुसतं पाणी दाखवणार वाटतं!" शिवाय लहान टाकीत नवरी कोपऱ्यात अवघडून राही, ते धाकूला बघवत नव्हतं. त्याने तिला एकटीला मोठ्या टाकीत सोडलं. तिने लगेच दोन गिरक्या घेतल्या. धाकू सुखावला.

जत्रेच्या सकाळी नवरीच्या अंगावर पुन्हा रवा दिसला, आधीच्या दुप्पट. ती तळाशी पडून धापा टाकत होती. घास समोर धरला, तर तिने तोंड फिरवलं.

धाकूची बायको सुंद्रा मासळी विकून परतताना तिथे आली.

"मी नीट बघितली होती गो," धाकू म्हणाला. "माझी नजर कधी चुकली नाही."

सुंद्राने टोपली खाली ठेवली. "आताही चुकली नाही. पण ती नजर मेलेला मासा पारखणारी. ताजा की शिळा, एवढंच तिला कळतं. जिवंताचं दुखणं तिला काय ठाऊक?"

बाहेर ढोल वाजत होते. लोक दारात जमले होते.

"आजचा दिवस राहू दे तिला," सरपंच म्हणाले. "उद्या काढा."

"उद्यापर्यंत ती राहायची नाही, सरपंच. चूक माझी. मीच घाई केली."

त्याने बाही वर सारली, पाण्यात भांडं बुडवलं आणि सगळ्यांदेखत नवरीला पाण्यासकट अलगद उचललं. "चाळीस वर्षं तळून खाल्ले, आता नाडी बघतोय!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. धाकूने मान वर केली नाही. नवरीला लहान टाकीत सोडून त्याने रिकाम्या मोठ्या टाकीवर पाटी लावली, 'मासे आजारी आहेत.' अडीच महिन्यांचा पहिला दिवस त्याने पुन्हा आजपासून धरला.

तीन दिवस नवरीने काही खाल्लं नाही. धाकू तिच्याजवळ बसून राही. चौथ्या दिवशी तिने कोळंबीचा एक कण टिपला, आणि धाकूने डोळे पुसले. डाग गेले, तरी तो औषध मोजतच राहिला. गाव टाकी विसरलं. सरपंच तिच्या झाकणावर फायली ठेवू लागले.

मुदत भरली, तेव्हा अकराही मासे मोठ्या पाण्यात गेले. आठवडे लोटले. एकही कण उठला नाही.

"तांडेल, या खेपेला ती बरी झाली हे ओळखलंत कसं?" सरपंचांनी विचारलं.

"ओळखलं नाही," धाकू म्हणाला. "दिवस मोजले."

तात्पर्य: दुखणं दिसेनासं झालं तरी ते संपलेलं असतंच असं नाही; ज्याच्यावर आपली माया आहे, त्याची काळजी उपचाराचा शेवटचा दिवस सरेपर्यंत घ्यावी.