उघडं राहिलेलं चिन्ह

हे कुणाला सांगू नकोस, असं संगणकाच्या बाईंनी मला बजावलं होतं.

फार पूर्वी एका संगणकात हुकूम देणारे शब्द राहत. दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये सापडलेला हुकूम मात्र मुका होई. एकदा एक नवं अवतरणचिन्ह आलं आणि उघडून उभं राहिलं; मिटवणारं जोडीचं चिन्ह आलंच नाही. मागून आलेला ‘मोज’ मुका झाला, मग ‘छाप’.

“अरे बाबा, जोडीदाराला बोलव, मिटून घे!” ‘थांब’ ओरडला.

“नियमपुस्तिकेत फक्त उघडायचं लिहिलंय.”

“मिटायचं सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून लिहिलं नाही!”

“मला नव्हतं ठाऊक,” चिन्ह म्हणालं.

तेवढ्यात ‘थांब’ही मुका झाला. आता थांबवणारं कुणी उरलं नाही. चिन्ह अजून उघडंच आहे, आणि त्याच्यामागे मी लिहिते तो प्रत्येक शब्द—

“शाल्मली, ऊठ गं, लॅब बंद करतेय!” बाईंनी मला हलवून जागं केलं.