ठकू भोईणीची भोकांची होडी

फार वर्षांपूर्वी, सावळी नदीवर पूल नव्हता तेव्हाची ही गोष्ट. कातळी गावाच्या भोईवाड्यात तेव्हा पंधरा घरं होती आणि त्यांतल्या एका घरात ठकू नावाची भोईण राहायची. तिचा नवरा हैबती होडी हाकायचा, जाळं टाकायचा. ठकू जाळी विणायची आणि मासे घेऊन डोंगरातल्या वाड्यांवर विकायला जायची. शांत बाई होती. विणायला बसली की दिवस मावळेपर्यंत उठत नसे, असं म्हणतात.

मग तिला बसवेनासं झालं. ते कसं, ते ऐका.

गावाच्या खाली नदीत एक उभा कातळ आहे, पुरुषभर उंच. नदी त्याच्यावरून खाली उडी घेते. खालचा मासा तो कातळ चढू शकत नाही. म्हणून वरच्या डोहातले मासे पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. खडस मासा तर एवढा, की बायका धुणं धुताना त्यांच्या पायांना लागायचा.

एका वर्षी पाऊस आलाच नाही. चैत्रात घराघरांतली कणगी झाडून झाली. तेव्हा वाड्यातल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं की डोहात गेळफळ टाकायचं. गेळफळ म्हणजे रानातलं फळ. ते कुटून पाण्यात कालवलं की मासा गुंगतो आणि पोट वर करून तरंगतो. एरवी लोक एखाद्या डबक्यात मूठभर टाकत. त्या वर्षी डोहात सात टोपल्या टाकल्या. सगळ्यात मोठं उखळ ठकूच्या अंगणात होतं, म्हणून सातही टोपल्या तिनंच कुटल्या.

दुपारपर्यंत डोह पांढरा झाला. मोठे, लहान, बोटाएवढे, सगळे वर आले. लोकांनी खाल्ले, वाळवले, आणि माणसं जगली. हे खोटं नाही, माणसं त्याच माशांवर जगली.

पुढे पाऊस झाला, डोह भरला. पण जाळ्यात नुसता पाला येऊ लागला. वर्ष गेलं, दुसरं गेलं. काठावरचे बगळे उठून गेले. वाड्यातली चार घरंही उठून गेली.

तेव्हापासून ठकूचं बूड जमिनीला टेकेना. जेवता जेवता उठायची आणि डोहावर जाऊन पाण्यात बघत राहायची. परत यायची, पुन्हा जायची. हैबती म्हणायचा, "अगं, घास तरी संपीव." ती म्हणायची, "आलेच." आणि यायची नाही.

एक दिवस ती घागर घेऊन चार कोस खाली संगमावर गेली. तिथल्या भोयांकडून दोन जिवंत खडस घेतले, पाण्यात सोडले आणि डोक्यावर घेऊन निघाली. अर्ध्या वाटेवर घागर जड लागली. डोकावून बघते तर दोन्ही मासे आडवे. दुसऱ्या वेळी मोठा हंडा नेला. तेही मेले. तिसऱ्या वेळी ओल्या शेवाळात गुंडाळून आणले. मरळ असती तर जगली असती, ती हट्टी असते. खडस नाजूक. एकही जगला नाही.

चौथ्या वेळी ती संगमावर गेली आणि तीन दिवस तिथंच राहिली. तिथले भोई पकडलेले मासे बांबूच्या टोपलीत घालून टोपली नदीत बुडवून ठेवत. तीन दिवस झाले तरी त्या टोपलीतले मासे ताजे. ठकू सारखी टोपलीभोवती फिरत राहिली. तिला दिसलं की टोपलीच्या फटींतून पाणी येतं आणि जातं, आणि सगळे मासे येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून उभे असतात. ती धावत घरी आली आणि गुणाजी सुताराच्या पडवीत जाऊन उभी राहिली.

"गुणाजीदादा, होडीला भोकं पाडून द्या."

गुणाजीनं रंधा खाली ठेवला. "बुजवून द्या म्हण, बाई. भोकं बुजवायला येत्यात माझ्याकडं."

"पाडूनच द्या. मधोमध एक खण करा. दोन्ही अंगांनी फळ्या मारा, राळ भरा, पाणी पुढंमागं जाऊ नये असं. आणि त्या खणाच्या तळाला भोकं."

"आन हैबती?"

"त्यांचं मी बघते."

हैबतीनं ऐकलं आणि तो होडीकडे बघू लागला. एकच होडी होती, ती बापानं ठेवलेली. मग म्हणाला, "बुडली तर?"

"तर पोहत येऊ," ठकू म्हणाली. "पण धनी, मला असं बसवत न्हाई."

त्यानं होडी दिली.

होडी पाण्यात लोटली त्या दिवशी सगळा गाव काठावर जमला होता. खणाच्या भोकांतून पाणी कारंज्यासारखं आत आलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. पाणी चढलं, चढलं, आणि बाहेरच्या नदीइतकं झाल्यावर थांबलं. होडी थोडी बसली, पण तरंगत राहिली. खणात नदी होती आणि खणाच्या दोन्ही बाजूंना कोरडी फळी.

माघ महिन्यात ठकू आणि हैबती खाली निघाले. रिकामी होडी त्यांनी काठाकाठानं कातळाखाली उतरवली आणि संगम गाठला. तिथले भोई म्हणाले, "एवढा खण हाय, पन्नास घाल की." ठकूनं बाराच घेतले. कोरड्या हातानं कोणाला शिवू दिलं नाही, कारण कोरडा हात लागला की माशाच्या अंगावरची बुळबुळ जाते आणि मग तो टिकत नाही. खणावर तिनं ओलं गोणपाट टाकलं आणि होडी उलटी, वरच्या दिशेला फिरवली.

एका संथ वळणावर हैबतीनं भाकरी खायला होडी थांबवली. लगेच मासे वर आले आणि तोंडं उघडून गपागप करू लागले.

"थांबू नका!" ठकू ओरडली. "आपण थांबलो की पाणी थांबतं."

मग हैबतीनं भाकरी तोंडात धरून बांबू रेटला. चार कोस दोघांनी होडी थांबवली नाही.

दुपारी कातळ आला. होडी आता काठावरून ओढून वर न्यायची होती, आणि भोकं उघडी ठेवली तर खण रिकामा होणार. ठकूनं चिंध्या गुंडाळलेल्या खुंट्या भोकांत ठोकल्या. पाणी आत राहिलं, पण आता ते कोंडलेलं पाणी होतं. हैबतीनं हाळी दिली. भोईवाडा धावत आला. केळीचे खुंट अंथरून माणसं पाण्यानं भरलेली होडी इंच इंच वर ओढू लागली.

ठकू खणाशेजारी उभी राहिली. तांब्या भरायचा, डोक्याच्या वर न्यायचा, आणि पाणी उंचावरून परत खणात सोडायचं. पडणाऱ्या पाण्यातून माशांना वारा मिळत होता. भरायचा, न्यायचा, सोडायचा. दोर तुटला, पुन्हा बांधला. एक खुंट घसरला, होडी हातभर मागे आली. तांब्या थांबला नाही. तिचे हात मोजता येत नव्हते, असं म्हणतात. आणि असंही म्हणतात, की त्या दिवशी सूर्य डोंगरावर टेकला आणि होडी वर येईपर्यंत तिथंच टेकून राहिला.

गुणाजीची बायको जनाई पुढं आली. "दे इकडं, ठकू. जरा बस."

"मला न्हाई बसायचं. मीच कुटलंय ते गेळफळ. सात टोपल्या."

ओढणाऱ्यांचे हात क्षणभर थबकले. मग जनाई म्हणाली, "कुटलंस तू, पर खाल्लं आमी सगळ्यांनीच." आणि तिनं घरातला तांब्या आणवला. मग दुसरी बाई आली, तिसरी आली. खणाभोवती बायकांचं कडं झालं आणि पाणी पडतच राहिलं.

बारापैकी दोन मासे मेले. दहा डोहात गेले.

पुढच्या पावसाळ्यानंतर काठच्या उथळ पाण्यात पिलं दिसली, जिऱ्याएवढी. ती बघायला म्हातारेकोतारे पाठकुळी बसून आले. ठकूनं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा संगमाला निघाली. पुढे दर माघात ती जायची. डोह भरला, बगळे आले, गेलेल्या घरांतली दोन घरं परत आली, तरी ती जायची. हैबती म्हणायचा, "आता पुरे की गं." ती म्हणायची, "एक खेप करून येते."

हैबती गेला. ठकूचे केस पांढरे झाले. मग एका माघात ती होडी घेऊन एकटीच खाली गेली आणि आली नाही. लोकांनी दोन्ही काठ धुंडाळले. पाचव्या दिवशी होडी सापडली. ती कातळाच्या माथ्यावर होती, कोरड्या दगडावर. तिला कोणी ओढून आणलं नव्हतं. खणाची सगळी भोकं उघडी होती, तरी खणात पाणी होतं आणि वाहतं असावं तसं ते हलत होतं. पाण्यात एक खडस डोहाकडे तोंड करून उभा होता. ज्यांनी पाहिलं त्यांनी असं सांगितलं. तो मासा त्यांनी ओंजळीनं डोहात सोडला, तेव्हा कुठं खणातलं पाणी दगडावरून वाहून गेलं.

कातळीत अजूनही माघी पौर्णिमेला ठकूची खेप असते. प्रत्येक घरचं एक माणूस कातळाखाली जातं आणि एक जिवंत मासा भांड्यात घेऊन चढ चढतं. बरोबरची बाई वाटभर तांब्यानं पाणी उंचावरून सोडत असते. भोईच नव्हे, आता सगळा गाव येतो, शाळेतले मास्तरसुद्धा. शेवटचा मासा डोहात जाईपर्यंत गावात कोणी खाली बसत नाही. म्हातारी माणसं दाराची चौकट धरून उभी राहतात. बाळंतिणीला तेवढी सूट आहे.

एखाद्याचा मासा वाटेत मरतो. त्याला कोणी बोल लावत नाही, कोणी काही विचारतही नाही. तो भांडं रिकामं करतो आणि पुन्हा खाली जातो. आणि तो वर येईपर्यंत सगळा गाव उभा असतो.