दोणीतले पाणी

माणसे पोटासाठी डोंगर ओलांडून पायीच देशांतर करीत, त्या काळची ही गोष्ट. एका सपाट मुलखातील गावात एक तरुण लोहार आला. त्याच्या एका खांद्यावर घण होता, दुसऱ्या खांद्यावर पाण्याने भरलेली लहानशी पखाल. घणाचे कोणाला नवल वाटले नाही. पखालीकडे मात्र सगळे पाहत राहिले.

"आमच्या गावाला विहीर आहे हो, पाहुणे," दारात मडकी वाळत घालणारी कुंभारीण म्हणाली.

"हे पिण्याचे नव्हे, बाई. आमच्या डोंगरातल्या नदीचे आहे. तापलेले पाते यात विझवले म्हणजे धार टिकते. माझ्या वाडवडिलांनी याच पाण्यात काम केले."

कुंभारणीच्या शेजारीच त्याने भाता मांडला, ऐरण रोवली आणि दगडी दोणीत ते पाणी ओतले. लोखंड विझवताना पाण्याची वाफ होऊन जाई; म्हणून रोज सकाळी तो विहिरीची एक घागर दोणीत घाली. पण दोण पुरती रिकामी होऊ देत नसे. चमचाभर विरजण जसे भांडेभर दुधाचे दही करते, तसे जुने पाणी नव्याला आपला गुण देते, अशी त्याची श्रद्धा होती.

वर्षे लोटली. त्याच्या विळ्यांची धार आणि त्याचे नांगराचे फाळ सात गावांत वाखाणले जाऊ लागले. कोणी स्तुती केली की तो दोणीकडे बोट दाखवी. "गाव कोणते?" असे विचारले की दूरच्या डोंगराकडे.

"लोहारा, तुझ्या त्या पाण्याला आता नातवंडे झाली असतील रे!" कुंभारीण चिडवीत असे. तो हसे, पण काम संपल्यावर दोणीवर फळी ठेवायला कधी विसरत नसे.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, वारा सुटला आणि कुंभारणीच्या भट्टीतली ठिणगी तिच्या छपरावर पडली. गवत धुमसू लागले. घरात पाळण्यात तिची तान्ही नात झोपली होती. विहीर गावाच्या दुसऱ्या टोकाला.

लोहार धावला. दोणीवरच्या फळीवर त्याचा हात क्षणभर थबकला. दुसऱ्या क्षणी फळी दूर पडली होती. बादलीमागून बादली त्याने छपरावर फेकली. शेवटी तळाशी उरलेले पाणी ओंजळीने बादलीत भरून त्याने तेही फेकले. कुंभारीण नातीला उराशी धरून बाहेर आली, तेव्हा आग विझली होती आणि दोण कोरडी पडली होती.

दुसऱ्या दिवशी भाता चालला नाही. पेरणी तोंडावर आलेली; शेतकरी फाळ घेऊन दाराशी उभे. लोहार पखालीला तेल लावीत बसला होता.

"आता माझ्या हातून काम व्हायचे नाही," तो म्हणाला. "डोंगरापलीकडे जाऊन पाणी आणतो."

दोन महिन्यांची वाट, आणि त्याचे केस पांढरे झालेले. तो परत येणार नाही, हे सगळ्यांनाच कळत होते.

गर्दी सारून कुंभारीण पुढे आली. तिच्या डोक्यावर विहिरीची भरलेली घागर होती. ती तिने दोणीत रिकामी केली.

"मावशी, हे काय?"

"ऐक. तू आलास त्यानंतर तिसऱ्या वर्षी तुला मोठा ताप आला होता, आठवते? तेव्हा दोणीवर फळी ठेवायची राहिली. माझी म्हैस सुटली आणि सगळी दोण पिऊन गेली. तळसुद्धा चाटून पुसून! मी मुकाट्याने विहिरीचे पाणी भरून ठेवले."

लोहार पाहतच राहिला. "मग इतकी वर्षे…"

"इतकी वर्षे तू आमच्याच पाण्यात लोखंड विझवतो आहेस."

"सांगितले का नाहीस?"

"सांगितले असते तर त्याच दिवशी पखाल उचलून चालू लागला असतास. काल तू तुझे ते पाणी माझ्या छपरावर ओतलेस. आता लपवून ठेवले तर मला घास गिळणार नाही."

लोहार बराच वेळ आपल्या घट्टे पडलेल्या हातांकडे पाहत होता. मग हळूच म्हणाला, "म्हशीला काही झाले नाही ना?"

"काय व्हायचे? शिंगे तेवढी कणखर झाली!"

सगळे हसले, लोहारही हसला. त्याने भाता चालवला, एक फाळ लाल केला, ठोकला आणि श्वास रोखून दोणीत बुडवला. चर्र आवाज झाला. फाळ बाहेर काढून त्याने ऐरणीवर वाजवला. नाद तोच होता, नेहमीचा, स्वच्छ.

पुढे एका वाटसरूने त्याला विचारले, "गाव कोणते, बाबा?"

लोहाराने हातातला घण खाली ठेवला आणि विहिरीकडे बोट दाखवले.

तात्पर्य: कारागिराचा गुण त्याने बरोबर आणलेल्या वस्तूत नसतो, त्याच्या हातांत असतो, आणि जिथे तो आपले जपून ठेवलेले दुसऱ्यासाठी ओततो, तेच त्याचे गाव होते.