शेजारून आलेला द्रोण

कार्तिक शुद्ध द्वादशी. पहाटे दाट धुके होते. ऊन वर आल्यावर आभाळ स्वच्छ झाले आणि वारा पडला. मुलांनो, अशा हवेत भूक फार छान लागते. ज्या रानाची ही गोष्ट आहे, त्या रानात ओढ्याकाठी एक अस्वल राहत असे, आणि त्याला तर कुठल्याही हवेत भूक छानच लागे.

हे अस्वल खाण्याचे मोठे शौकीन होते. बोलावले तर जेवायला जाई, आणि न बोलावता नुसत्या वासावरही जाई. खोड एकच. घरी पानावर बसले की ते बाहेरच्या जेवणाच्या गोष्टी सांगे आणि बाहेर बसले की घरच्या. करांदे म्हणजे वेलीला लागणारे बटाट्यासारखे कंद. अस्वलीण ते हळदीच्या पानात उकडून वर मध सोडी. ते खाताना अस्वल म्हणे, करांदे खावेत ते साळिंदराकडे. शेजारची साळिंदरीण तेच करांदे गरम राखेत भाजून वर तिळाची पूड भुरभुरवी. ते खाताना अस्वल म्हणे, करांदे खावेत ते आमच्या घरी. दोघी शेजारणींचे मात्र छान जमे. काही चांगले केले की एकीकडून द्रोण भरून जाई, आणि दुसरीकडून तो कधी रिकामा परत येत नसे.

"बाहेरचंच एवढं आवडतं, तर तिकडेच राहायला जा," अस्वलीण एकदा म्हणाली. "माझं करांदे वेचणं तरी निम्मं होईल." अस्वलाने ती थट्टा समजून आणखी दोन कंद वाढून घेतले.

त्या रानात कार्तिकी पौर्णिमेला आवळीभोजन होई. घराघरांतून एकेक पदार्थ येई आणि आवळीच्या झाडाखाली सगळ्यांची पंगत बसे. पण त्याआधी पहिल्या घासाचा मान असे. मानकऱ्याने प्रत्येक पदार्थाचा एक घास घ्यायचा, तो कोणाच्या हातचा हे चवीवरून ओळखायचे, तिचे नाव घेऊन दाद द्यायची, आणि मगच बाकीच्यांनी जेवायचे. आपले नाव ऐकायला रांधणाऱ्या साऱ्या जणी कान टवकारून बसत. कित्येक वर्षे हा मान म्हाताऱ्या कासवाकडे होता. यंदा कासवाने सांगून टाकले की आपल्या जिभेला पूर्वीसारखी चव कळत नाही. मान दुसऱ्या कोणाला तरी द्यायचा.

अस्वलाने हे ऐकले आणि मान आपल्यालाच मिळणार असे धरून चालले. इतक्या घरी जेवलेला रानात दुसरा होता कोण? मानाच्या जागेवर आपण कसे बसायचे, दाद देताना मान किती डोलवायची, हेही त्याने मनात ठरवून टाकले. त्या द्वादशीला सकाळीच ते कासवाकडे जाऊन म्हणाले, "आजोबा, उगाच शोधाशोध कशाला? मी आहे ना."

"आहेस खरा," कासव म्हणाले. "आज तुझ्या घरी जेवू, उद्या तुझ्याबरोबर साळिंदराकडे जेवू. मग सांगतो."

अस्वल झपाझप घरी आले. कासव मागून सावकाश आले, तोवर जेवणवेळ झाली होती. अस्वलिणीने पळसाची पाने मांडली आणि चुलीपाशी ठेवलेल्या द्रोणातून दोघांना करांदे वाढले. अस्वलाने एक करांदा तोंडात टाकला आणि त्याची कथा सुरू झाली. साळिंदराच्या चुलीतली राख कशी मऊ, तिथल्या करांद्याची साल कशी अलगद सुटते, तिळाचा खमंगपणा कसा घशापर्यंत जातो. बोलता बोलता त्याने पान साफ केले.

"हे काही वाईट नाहीत," ते शेवटी म्हणाले. "पण आजोबा, उद्या साळिंदराकडचे खा. मग कळेल करांदा कशाला म्हणतात."

"अहो, पण हे तर..." अस्वलीण म्हणू लागली.

"राहू द्या, सूनबाई," कासव म्हणाले. "त्याचं बोलणं होऊ द्या."

अस्वलिणीने रिकामा द्रोण पुसून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो द्रोण आपल्या हातच्या करांद्यांनी शिगोशीग भरला आणि साळिंदरिणीकडे पोहोचता केला.

त्रयोदशीला दुपारी अस्वल कासवाला घेऊन साळिंदराकडे गेले. साळिंदर अबोल होते. या, बसा, एवढेच म्हणाले. साळिंदरिणीने करांदे वाढले. अस्वलाने दोन एकदम तोंडात घातले आणि ते कासवाकडे वळले. घरच्या करांद्यात हळदीच्या पानाचा वास कसा आतपर्यंत मुरतो, वरून मध कसा ओघळतो, याचे त्याने असे वर्णन केले की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावे. "वहिनी, राग मानू नका," ते म्हणाले, "पण आमच्या घरची सर याला नाही."

साळिंदरिणीने तोंड फिरवून हसू दाबले. साळिंदर डोळे मिटून पहिलाच घास चावत होते. तो गिळून झाल्यावर ते बायकोला म्हणाले, "हे आपल्या घरचं नाही. हळदीचं पान आहे, मध आहे. अस्वलवहिनींच्या हातचं आहे. पान या वेळी जरा कोवळं होतं. फार छान झालंय."

अस्वलाचे जेवण थांबले. त्याने ओठांवरून जीभ फिरवली. ओठ मधाने चिकट झाले होते.

"काल मी तुझ्या घरी येत होतो, तेव्हा साळिंदरीण द्रोण घेऊन माझ्या पुढून गेली," कासव म्हणाले. "आज सकाळी तुझ्याकडे यायला निघालो, तेव्हा तुझी बायको तोच द्रोण देऊन परत चाललेली दिसली. सावकाश चालणाऱ्याला सगळं दिसतं. माझी जीभ म्हातारी झाली, तरी कालचे तीळ मला कळले. तू साळिंदराकडचं खात साळिंदराच्या जेवणाची आठवण काढलीस, आणि घरचं खात घरच्या जेवणाची. दोन दिवस पान साफ केलंस, पण जेवला एकदाही नाहीस."

साळिंदरिणीने विचारले, "भाऊजी, आणखी वाढू का?" अस्वलाने खाली मान घालून पान पुढे केले.

पौर्णिमेला आवळीखाली पंगत बसली. पहिला घास साळिंदराने घेतला आणि सगळी घरे बरोबर ओळखली. अस्वलाला पंगतीच्या मध्ये, दोन सशांच्या बाजूला पान मिळाले. पहिला करांदा संपेपर्यंत ते काहीच बोलले नाही. मग त्याने अस्वलिणीला विचारले, "यात पान कोवळं घेतलंस का?" ती म्हणाली, "हो."

तात्पर्य : घर असो की शेजाऱ्याचे अंगण, चव पुढ्यातल्या पानात असते, मन दुसऱ्याच पानावर ठेवून जेवणारा दोन्हीकडच्या सुखाला मुकतो.