भोरखडीच्या घंटेचा लोलक

भोरखडीच्या चर्चला परका माणूस आला की आधी वर घंटेकडे बघतो. पितळेची, साता समुद्रापलीकडून आलेली, ऐटबाज. मग त्याला दाराशी तीन दगडांची चूल दिसते, काळी ठिक्कर पडलेली. देवाच्या दारात चूल कशाला, असं तो विचारतो. मंडळीचे वडील, म्हणजे इथले पंच, घसा साफ करून सांगतात की एका सुवार्तिकाच्या मातीच्या दिवशी ही घंटा आपोआप मुकी झाली. चमत्कार झाला. सांगताना सूर असा, जणू तो त्यांच्याच पुण्याईनं झाला! खालच्या आळीतल्या बायका मात्र वेगळं सांगतात. ते असं.

इकडे आगगाडीचे रूळ पडायच्याही आधी भोरखडीत गेनबा नावाचा हलगीवाला होता. त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता म्हणे. एकदा बाजारात त्यानं एका उपदेशकाचं बोलणं ऐकलं, आणि घरी येऊन बायकोला, तानूला म्हणाला, "मला आता हेच सांगत हिंडायचंय." तानूला वाटलं, ऊन लागलं. पण ते खूळ उतरलं नाही. बाप्तिस्मा झाला, नाव सीलास पडलं. गावोगाव वचन सांगायला सुवार्तिक म्हणून पाठवायची वेळ आली तेव्हा मंडळीच्या वडिलांनी अट घातली: हलगी जाळायची, आणि पुन्हा तिला शिवणार नाही अशी शपथ घ्यायची.

"बापजाद्यांनी गावाची मढी वाजवत वेठ केली," थोरले वडील अमृतराव म्हणाले. "ती सुटावी म्हणून आपण येशूकडे आलो. आन् तू ते कातडं घेऊन चर्चात येतो?"

बोलणं खोटं नव्हतं. फक्त अमृतरावांचा आजाही हलगीवालाच होता, आणि अंगात कोट आल्यापासून घरात त्याचं नाव निघत नव्हतं.

अंगणात कातडं जळताना तानू बघत राहिली. राखेतून तिनं हलगीचं लोखंडी कडं काठीनं बाहेर ओढलं, गार केलं आणि पाण्याच्या घागरीखाली ठेवलं.

मग तो चालायला लागला. खांद्याला झोळी, झोळीत पुस्तक, पायात ठिगळाच्या वहाणा. आठवड्याचे बाजार, जत्रा, पाणवठे. कुणी थांबायचं नाही. पोरं मागून माकडचेष्टा करायची. घरी परतला की तानू त्याचे सुजलेले पाय गरम पाण्यानं शेकायची.

"ऐकलं का कुणी?"

"वारा होता की."

एवढं बोलून तो हसायचा. पण जेवताना त्याची बोटं ताटाच्या काठावर चालायची, आणि तानूला तो ठेका ओळखू यायचा.

मरीचं वर्ष आलं. एका संध्याकाळी सीलास घरी आला तेव्हा त्याच्या सदऱ्याला कडब्याच्या धुराचा वास होता. हलगी शेकतात तो हाच वास; तानू काय ते समजली. निमखेडला सगुणा नावाची म्हातारी मेली होती. तो गावात गेला की भाकरी देणारी तीच. रोगाच्या भीतीनं गावानं दारं लावली होती, वाजवणारे पळाले होते. तिचा लेक एकटाच प्रेतापाशी बसून म्हणाला, "बुवा, माझी माय मुक्यानं जाणार का?" चावडीत हलगी टांगलेली होती. सीलासनं कडबा पेटवला, कातडं शेकलं आणि वाजवायला घेतलं. आवाजासरशी एकेक दार उघडलं. खांदे मिळाले. मातीपाशी तो बोलला, ते लोकांनी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन वडिलांपुढे उभा राहिला. तानू दाराआड होती.

"शपथ मोडली?"

"मोडली."

"चूक पदरात घे. माफी माग."

"म्हातारीला पोचवली त्याची?"

अमृतरावांनी त्याचं नाव मंडळीतून काढलं. नाव गेलं म्हणजे मेल्यावर घंटा नाही, चर्चच्या आवारात माती नाही. तेवढं ऐकून मात्र सीलासचा चेहरा पडला. घरी येऊन तो म्हणाला, "तानू, मला पुरशील तर तिथंच. हाकललं तरी घर तेच हाय." तानूनं घागर उचलून जमिनीवर ठेवली, खालचं कडं काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "कातडं चढवून घ्या. घागर काय, भुईवर बी बसंल."

त्यानंतर हलगी वाजवत, वचन सांगत तो वर्षानुवर्षं हिंडला. ज्या मयताला कुणी नाही, तिथे तो. आणि असाच परगावच्या बाजारात उभ्या उभ्या कोसळला. निमखेडच्या लोकांनी बैलगाडीतून त्याला भोरखडीला आणलं. आवाराला कुलूप होतं. कुणीतरी कुंपणावरून जाऊन घंटेचा दोर ओढला, पण आवाजच नाही! हाच तो चमत्कार. खरं म्हणजे आतला लोखंडी लोलक काढून अमृतरावांनी कोटाच्या खिशात घातला होता. खिसा लोंबत होता, साऱ्या गावाला दिसत होता.

तानू रडली नाही म्हणतात. आवाराच्या दारासमोर तिनं तीन दगड मांडले, जाळ केला, नवऱ्याची हलगी शेकली आणि स्वतः वाजवायला लागली. बाईमाणसानं हलगी धरलेली कुणी पाहिली नव्हती. ठेका सीलासचाच, ताटाच्या काठावरचा. चारी वाटांनी माणसं यायला लागली. अमृतराव फाटकाशी ताठ उभे होते.

"बंद कर, तानू."

"घंटा वाजवा, मंग करते."

अमृतरावांचा हात खिशावर गेला. थोड्या वेळानं लोकांना दिसलं की खिशातल्या लोलकावर त्यांची बोटं चालताहेत, त्याच ठेक्यात. त्यांना स्वतःला ते कळलं तेव्हा त्यांनी हात झटकला, किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि खाली मान घालून घर गाठलं. माफी मागितली नाही. तेवढी छाती वडिलांना कधी नव्हती.

आजही भोरखडीत कुणी वारलं की घंटा वाजत नाही. मेलेला मंडळीतला आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. दाराशी कडबा पेटतो, हलगी शेकतात. घंटेचा लोलक काढतात आणि थोरल्या वडिलांच्या हातात देतात. कोट उतरवून, तो जड लोखंडी गोळा धरून त्यांनी माती होईपर्यंत फाटकाशी उभं राहायचं. खाली टेकवायचा नाही, हात बदलायचा नाही. मातीला आलेले पाहुणे विचारतात तेव्हा वडील अजूनही सांगतात की घंटा आपोआप मुकी झाली. सांगताना लोलक त्यांच्याच हातात असतो.